तिसऱ्या कडव्यातली बाई

आमच्या भाऊजींना खुर्ची चावते की काय कोण जाणे. हा माणूस शांत बसलेला मी जवळजवळ पाहिलेलाच नाही. जेवताना दोनदा उठणार, बातम्या उभ्यानं बघणार, फोनवर बोलताना बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी. ताईशी लग्न ठरायच्या आधी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा चहा होईपर्यंत त्यांनी आमच्या दाराची करकर ऐकली, तेल मागितलं आणि बिजागरी दुरुस्त करून मगच कप हातात घेतला. आई खूश होऊन म्हणाली, मुलगा कामसू आहे. मी म्हटलं, कामसू नाही, चुळबुळ्या आहे. पुढं कोण बरोबर निघालं ते मी सांगायला नको.

भाऊजींचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. बिल्डिंगच्या गच्चीवर मशीनची खोली असते ना, तिथं त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय, आणि उरलेलं अर्धं लिफ्टच्या खड्ड्यात. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलो तरी आधी लिफ्टच्या दाराला कान लावणार. दोर कुरकुरतोय की ब्रेक घासतोय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं, आणि कळलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका लग्नात त्यांनी हॉलच्या लिफ्टचं असं काही वर्णन केलं की निम्मे पाहुणे जिन्यानं गेले. ताई तेव्हा तोंडाला पदर लावून हसत होती. मी मात्र मेले शरमेनं.

माझं काम कात्रीचं. शिवणकारखान्यात कापड बेतते. दिवसभर टेबलाशी उभी, समोर कापडाचे थर आणि हातात कटर. तोंडही कामासारखंच आहे असं भाऊजी म्हणतात आणि मला ‘कात्री’ अशीच हाक मारतात. मी काही वाईट वाटून घेत नाही. पूर्वी मी रविवारची तेवढी त्यांच्याकडे यायचे, पण ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा राहायला आले, ती तिथंच राहिले. गळ्यातली गाठ काढताना आवाजाची शीर दुखावण्याची शक्यता आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. ताईचा जीव वाचला, आवाज गेला. आता ती कुजबुजते. जवळ बसलेल्याला ऐकू येतं, पलीकडच्याला नाही.

तर सांगायचं आहे ते रविवारच्या बैठकीबद्दल. त्याशिवाय भाऊजी कळायचे नाहीत.

एक बँड होता. त्याला स्वतःचं लांबलचक नाव होतं, पण आमच्याकडे त्याला ‘पाचजण’ म्हणायचे. पाच पोरांनी मिळून नावाड्यांची, मेंढपाळांची जुनी गाणी गोळा केली आणि त्यांना इलेक्ट्रिक गिटार, व्हायोलिन आणि ड्रम लावले. म्हाताऱ्यांनी शिव्या घातल्या, तरुणांनी डोक्यावर घेतलं. दाढीवाला गायचा, लांब्या व्हायोलिन वाजवायचा, दोघे भाऊ मागं ड्रम आणि मोठी गिटार सांभाळायचे, आणि पाचवा मँडोलिनवाला. हा पाचवा सगळ्या भानगडींचं मूळ. तिसरी रेकॉर्ड बनत असताना तो भांडून निघून गेला, मग कोर्टकज्जे झाले, आणि ती रेकॉर्ड दुकानात येते न येते तोच कंपनीनं परत उचलली. त्यामुळं तिच्या प्रती अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

त्यातली एक भाऊजींच्या हाती लागली. ताईशी नुकतंच लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. ज्या बिल्डिंगची लिफ्ट ते बघायचे, तिथल्या एका भाडेकरूनं ती एका रात्रीपुरती दिली, सकाळी परत पाहिजे या अटीवर. मशीनला मशीन जोडायची वायर यांच्याकडं नव्हती. मग रेकॉर्ड प्लेयरच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डरचा माइक उभा केला, दाराला रजई लावली, खिडकीत गादी कोंबली, आणि टेप करून घेतली. ही कहाणी मी इतक्यांदा ऐकलीय की ती रजई कोणत्या रंगाची होती तेही मला पाठ आहे. ‘श्वास रोखून बसलो होतो,’ असं भाऊजी दर वेळी सांगायचे, आणि सांगताना खरंच श्वास रोखायचे.

त्या टेपेवरून दुसऱ्या टेपा झाल्या, त्यावरून आणखी. आमच्या शहरात पाचजणांचे जेवढे वेडे होते, त्या सगळ्यांकडची तिसरी रेकॉर्ड म्हणजे भाऊजींची टेप. त्यातले तिघे दर रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत जमायचे. एक शाळेत गणित शिकवणारे मास्तर, एक दातांचे डॉक्टर आणि एक पोस्टातल्या बाई. मी त्यांना पंचायत म्हणायचे. गाणं लावायचं, दोन ओळी झाल्या की थांबवायचं, आणि मग तास तास वाद. चौथ्या गाण्यात मँडोलिन खुद्द मँडोलिनवाल्यानं वाजवलंय की तो गेल्यावर लांब्यानं कसंबसं उरकलंय? पहिल्या गाण्याच्या शेवटी काहीतरी करकरतं ते खुर्ची की दार? शिकलेसवरलेले लोक, पण खुर्ची की दार यावरून मास्तर आणि डॉक्टर एकदा महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. एवढा वेळ मला कुणी दिला असता तर मी अर्ध्या शहराचे कपडे बेतून दिले असते.

पण या सगळ्यांचा राजा वाद म्हणजे तिसऱ्या कडव्यातली बाई.

दुसऱ्या बाजूला नावाड्याचं एक गाणं आहे. दाढीवाला एकटाच गातो, मागं फक्त व्हायोलिन. तिसरं कडवं सुरू झालं की त्याच्या आवाजाखाली एका बाईचा आवाज येतो. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. हळू, पण इतकं नेमकं की एकदा ऐकलं की मग दाढीवाल्याकडं लक्षच जात नाही. आणि शेवटच्या ओळीच्या मध्यावर ती अचानक थांबते. संपवत नाही, तुटते. त्यावर पंचायतीनं ग्रंथ लिहायचा तेवढा बाकी ठेवला होता. मास्तरांचं म्हणणं, ती मँडोलिनवाल्याची होणारी बायको, आणि ज्या क्षणी तो हॉलमधून तरातरा निघून गेला त्या क्षणी ती थांबली. डॉक्टर म्हणायचे, तिला दमा असणार, श्वास पुरला नाही. पोस्टातल्या बाई म्हणायच्या, तुम्हा पुरुषांना काही कळत नाही, ती रडतेय.

भाऊजींचं दुःख वेगळंच. एवढी मोठी गाणारी बाई आणि तिचं नाव कुठंच नाही, हे त्यांना सहन व्हायचं नाही. रेकॉर्डच्या पाकिटावर ड्रमवाल्याच्या कुत्र्याचं नाव होतं, हिचं नव्हतं. ‘हिला फसवलंय,’ म्हणत ते खोलीभर फिरायचे. डॉक्टरांनी एकदा शंका काढली होती, की तुमच्या टेपेत घरातले आवाज आले असतील, त्यातलाच हा एखादा असेल. त्यावर भाऊजी भडकले. म्हणाले, पाट सरकल्याचा आवाज आहे, खालच्या गाडीचा आहे, ते मला माहीत आहेत. पण हा आवाज सुरात आहे. बेसूर असता तर घरातला समजलो असतो.

हे त्यांनी ताईच्या देखत म्हटलं. ती तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

ही एक गोष्ट मला कधी उमगली नव्हती. मी रविवारी टेप लागली की पिशवी उचलून बाजाराला पळायचे, आणि ताई मात्र या रिकामटेकड्यांना न कुरकुरता चहा करायची. तोही दोनदा. बिस्किटं ताटलीत रचून द्यायची. आणि तिसरं कडवं यायच्या सुमाराला हमखास ट्रे घेऊन दारात. मी तिला झापायचे, की त्यांच्या पायाशी लोटांगण घाल आता. ती हसायची आणि कप विसळायला घ्यायची. ऑपरेशननंतर तर ती तिथं दाराला टेकून खालीच बसायला लागली. मला वाटायचं, बिचारीला बोलता येत नाही, तेवढंच चार माणसांत बसल्याचं समाधान.

मग यंदा ती तिसरी रेकॉर्ड पुन्हा निघाली. कंपनीच्या कुठल्याशा गोदामात मूळ टेप सापडली म्हणे. ती धुऊनपुसून, स्वच्छ करून बाजारात आणली. पंचायतीनं पहिल्याच दिवशी मिळवली, आणि त्या रविवारी आमच्याकडं असं वातावरण होतं की मीही बाजाराला गेले नाही. गाणं लागलं. आवाज खरंच काचेसारखा. तिसरं कडवं आलं, दाढीवाला गातोय, व्हायोलिन वाजतंय, आणि बाई नाही. कडवं संपलं. भाऊजींनी पुन्हा लावलं. पुन्हा नाही.

मग जो गदारोळ झाला तो विचारू नका. पुसून टाकली तिला, मास्तर म्हणाले. पोस्टातल्या बाईंचे डोळे भरून आले. डॉक्टर कंपनीवर खटला भरायला निघाले. मी सहज ताईकडं पाहिलं, तर ती ट्रे तसाच हातात धरून जमिनीकडं बघत होती, आणि कप बशीत किणकिणत होते.

त्यात कुणीतरी बातमी आणली की ती रेकॉर्ड ज्यांनी ध्वनिमुद्रित केली ते गृहस्थ अजून हयात आहेत आणि पुढच्याच रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम आहे. लोकांनी प्रश्न विचारायचे, त्यांनी उत्तरं द्यायची. झालं. भाऊजींच्या आयुष्याचं सोनं झालं. प्रश्न तेच विचारणार, जुना टेपरेकॉर्डर घेऊन जाणार, भर सभेत त्या बाईचा आवाज ऐकवणार आणि म्हणणार, हिचं नाव सांगा आणि हिला का पुसलंत तेही सांगा.

तो आठवडा आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत. भाऊजींचे पाय जमिनीवर ठरेनात. सकाळी दाढी करताना आरशाला प्रश्न विचारत होते. लिफ्टच्या कामावर गेले तिथं वर जाताना एक वाक्य, खाली येताना दुसरं. मला विचारायचे, ‘महोदय’ म्हणू की ‘साहेब’? मी म्हणायचे, काहीही म्हणा, पण माझ्या पायावरून चालू नका. त्यांच्या नादानं ताईचंही बिनसलं असं मला वाटत होतं. तिनं एक दिवस भाजीत मीठ दोनदा घातलं, दुसऱ्या दिवशी घातलंच नाही. रात्रभर कूस बदलत असायची. शनिवारी दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं माझं मनगट धरलं आणि कानाशी येऊन म्हणाली, ‘त्यांना थांबव. उद्या विचारू देऊ नकोस.’

मी विचारलं, का? ती दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावत राहिली. मग मी चादर बादलीत टाकली आणि म्हटलं, सांगितल्याशिवाय मी इथून हलत नाही.

मग तिनं सांगितलं. तुकड्यातुकड्यानं, मधे थांबून, कारण इतकं बोलायला तिला त्रास होतो. त्या रात्री पहिली बाजू टेप होऊन संपली आणि भाऊजींना निरोप आला, की हॉस्पिटलची लिफ्ट माणसांसकट अडकलीय. हे श्वास रोखून बसणारे गृहस्थ चपला घालून पळाले. जाताना ताईला सांगून गेले, रेकॉर्ड उलटी कर, हे बटण दाब, आणि तोंडातून चकार शब्द काढू नकोस. दुसरी बाजू तिनं एकटीनं टेप केली. खोली बंद, बाहेर सामसूम, स्वयंपाकघरात स्टोव्हवर दूध. ते नावाड्याचं गाणं आलं. पहिली दोन कडवी ती गप्प होती. चाल साधीच, दोनदा ऐकली की गळ्यात उतरणारी. तिसऱ्या कडव्याला तिच्या नकळत गळ्यातून निघायला लागलं. तिला कळलंसुद्धा नाही. कळलं ते दुधाचा वास आल्यावर. मग ती धावली.

मला आधी हसू फुटलं. मग आठवलं, लहानपणी माझी वेणी घालताना ताई अशीच गुणगुणायची, आणि वेणी संपली तरी मी हलायचे नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं हे चौघं माझ्या बहिणीच्या हातचा चहा पीत होते, तिचीच बिस्किटं मोडत होते, आणि ती बाई कोण म्हणून एकमेकांच्या उरावर बसत होते. आणि ज्याला लिफ्टचा दोर आवाजावरून ओळखू येतो, त्याला घरातली बायको ओळखू आली नाही.

‘तू त्यांच्यासमोर कधी गायलीच नाहीस?’ मी विचारलं. ती म्हणाली, त्यांचंच काहीतरी लागलेलं असायचं.

मी म्हटलं, आत्ता खाली जाते आणि सांगते. तिनं माझा हात सोडला नाही. भर सभेत लोक त्यांना हसतील, म्हणाली, म्हणून त्यांना थांबवायचं. पण कारण सांगायचं नाही. माझी शपथ घातली. आता कारण न सांगता भाऊजींना थांबवायचं म्हणजे गच्चीवरून सुटलेली लिफ्ट हातानं धरायची. तरी मी प्रयत्न केला. संध्याकाळी म्हटलं, भाऊजी, कशाला त्या म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत कोंडीत पकडता, जाऊ द्या ना. ते टेपरेकॉर्डरला सेल घालत होते. हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, ‘कात्री, त्या बाईचं कुणीच नाही गं. आपण नाही विचारलं तर कोण विचारणार?’

मी खाली पडलेला दुसरा सेल उचलून त्यांच्या हातात दिला. मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

रविवारी हॉल भरला होता. पाचजणांचे इतके वेडे शहरात आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. ताई येणार नाही असं मी धरून चालले होते, पण ती साडी बदलून दारात उभी. आम्ही दोघी शेवटच्या रांगेत बसलो. तिनं रुमालाचा पार बोळा करून टाकला होता. भाऊजींनी बसायचा प्रश्नच नव्हता, ते भिंतीच्या कडेनं पुढं-मागं फिरत होते, काखेत टेपरेकॉर्डर.

ध्वनिमुद्रक आजोबा वाळलेले, ताठ, कानामागं यंत्र लावलेले. छान बोलले. ती रेकॉर्ड एका बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये केली, छत इतकं उंच की टाळी वाजवली तर परत यायला वेळ लागायचा, असं सांगितलं. पहिल्या गाण्याच्या शेवटची करकर म्हणजे दार की खुर्ची असं मास्तरांनी विचारलं, तर म्हणाले, ते माझे बूट. मास्तर आणि डॉक्टर दोघंही खाली बसले.

मग भाऊजी. शेवटी ‘महोदय’ही नाही आणि ‘साहेब’ही नाही. थेट सुरुवात. एका कलावंत बाईवर अन्याय झालाय, म्हणाले, आणि त्याचा पुरावा माझ्याजवळ आहे. त्यांनी टेप लावली. हॉलभर खरखर पसरली, मग व्हायोलिन, मग दाढीवाला. तिसरं कडवं आलं आणि ताई गायला लागली.

मी तोवर तो आवाज नीट ऐकलाच नव्हता. आता ऐकला. शेजारी ती, गळ्यावरच्या ऑपरेशनच्या खुणेवर बोटं ठेवून, खाली मान घालून. ओळीच्या मध्यावर आवाज तुटला. भाऊजींनी टेप थांबवली. म्हणाले, हिचं नाव काय?

आजोबांनी टेपरेकॉर्डर जवळ मागून घेतला. आपला हेडफोन त्याला लावला, कानामागचं यंत्र काढून ठेवलं, आणि तो तुकडा पुन्हा ऐकला. मग पुन्हा. हेडफोन काढून ते अगदी सौम्यपणे म्हणाले, की ही बाई आमच्या हॉलमधली नाही. आमच्या हॉलमध्ये आवाज घुमायचा, हा घुमत नाही. ही लहान खोली आहे. गाणं स्पीकरमधून येतंय, आणि ही माइकच्या अलीकडं बसलीय. थांबल्यावर काहीतरी चर्र करतं आणि पावलं लांब जातात.

‘तुम्ही ही टेप केलीत तेव्हा खोलीत कोण होतं?’ त्यांनी विचारलं.

‘मी,’ भाऊजी म्हणाले. आणि थांबले. मग म्हणाले, ‘नाही. मी नव्हतो.’

हॉस्पिटलची लिफ्ट त्यांना तिथं, त्या सगळ्या लोकांसमोर आठवली. मला लांबूनही दिसलं. त्यांचे पाय थांबले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस जागच्या जागी, ढिम्म उभा राहिला. पंचायतीत आधी डॉक्टरांना उमगलं. ते अर्धवट उठून मागं वळले, आमच्या रांगेकडं बघत म्हणाले, म्हणजे वहिनी? आणि हसू दाबायला तोंडावर हात धरला. मग त्यांच्या मागचे हसले, मग त्यांच्या मागचे. मी बाह्या सरसावल्या. भाऊजींना कुणी एक शब्द बोललं असतं तर मी त्या दिवशी कुणाचं तरी तोंड बेतलं असतं, आणि भाऊजी ताईला बोलले असते तर आधी त्यांचं.

ते मधल्या वाटेनं चालत आले. आमच्या रांगेपाशी थांबले. ताई मान वर करेना. मला वाटलं, आता विचारणार, माझं हसं का केलंस. पण त्यांनी विचारलं ते भलतंच. इतकी वर्षं जो प्रश्न डोक्यात घेऊन ते खोलीभर फिरत होते, तोच विचारला.

‘शेवटच्या ओळीत थांबलीस का?’

ताईचे ओठ हलले. तिचा आवाज त्यांच्यापर्यंतसुद्धा धड पोचला नाही. सगळा हॉल माना वळवून आमच्याकडं बघत होता. तेव्हा मी उभी राहिले आणि कारखान्यात ओरडते तशा आवाजात सांगितलं, ‘दूध उतू गेलं होतं.’

मग जे हसू उसळलं त्यानं हॉलचे पंखे हलले असतील. पोस्टातल्या बाई डोळे पुसत होत्या, मास्तर चष्मा काढून बसले होते, आणि मंचावर आजोबा मान डोलवत म्हणत होते, बरोबर, ते चर्र म्हणजे दूधच. ते हसू कुणाला टोचणारं नव्हतं हे मला दोन क्षणांनी कळलं. एकटे भाऊजी हसत नव्हते. ते ताईकडं बघत होते.

आम्ही परत निघालो. टेपरेकॉर्डर मीच उचलून आणला, ते विसरूनच निघाले होते. बिल्डिंगमध्ये आलो, लिफ्टमध्ये शिरलो, दार बंद झालं. भाऊजींनी दाराला कान लावला नाही. मजल्याचं बटणही दाबलं नाही. मी दाबणार होते, पण त्यांचा चेहरा बघून हात मागं घेतला.

‘मला का नाही सांगितलंस?’ ते म्हणाले.

लिफ्ट बंद उभी होती, म्हणून मलाही ऐकू आलं. ‘आधी तुमची भीती वाटली,’ ताई कुजबुजली. मग थोडा दम खाऊन म्हणाली, ‘नंतर तुम्ही दर रविवारी तिच्याबद्दल इतकं चांगलं बोलायला लागलात. मला ते ऐकायचं असायचं.’

भाऊजींनी तिच्या गळ्याकडं हात नेला, त्या खुणेपर्यंत, आणि विचारलं, ‘ती ओळ, एकदाच?’ तिनं मान हलवली. येत नाही आता, असं. तिला मुळीच रडू आलं नव्हतं, ती त्यांचीच समजूत घालत असल्यासारखी हसली.

भाऊजी भिंतीला टेकले आणि घसरत खाली गेले. लिफ्टच्या त्या कळकट फरशीवर, चांगल्या कपड्यांत, मांडी घालून बसले. ताई त्यांच्याशेजारी बसली. मी काय करणार, टेपरेकॉर्डर पोटाशी धरून कोपऱ्यात उभी राहिले. वरच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टसाठी दार बडवायला लागलं होतं. म्हटलं, बडवू दे.